शनिवारचा बर्फ

बोल्सवार्ड,
३ ऑक्टोबर २०१३

हिस्के,

नावाआधी 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. मी रागावले आहे हे पहिल्याच ओळीत कळलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तुला उगाच आशा नको.

परवा तुझा माहितीपट टीव्हीवर लागला. शेजारची ग्रीट न बोलावता बघायला आली. माझ्याकडे कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळतं हे ठाऊक असल्यामुळे येताना स्वतःचा डबा घेऊन आली. माझ्या सख्ख्या भावाचं मरण मी असं शेजारणीच्या बिस्किटांची कुरकुर ऐकत पाहिलं.

सिब्रेन छान दिसतो, ते कबूल करते. कालव्यावरच्या पुलाची ती चौकी, बोटींसाठी पूल उघडणारा, काठीला बांधलेला लाकडी बूट पुढे करून त्यांच्याकडून पैसे घेणारा तुझा बाप, ते जुने फोटो तू कुठून मिळवलेस देव जाणे. पोटातल्या कर्करोगानं त्याची काय दशा केली तेही तू लपवलं नाहीस. इच्छामरणाचा निर्णय त्याचा स्वतःचा होता, कुणी त्याला भरीला घातलं नव्हतं, हेही खरं. मला तो पटला नव्हता. माझ्या चर्चला तर मुळीच पटला नसता. पण त्यानं फोन केला, म्हणाला, "बाउक्ये, तू ये. तू असलीस की मला बरं." मी त्याच्याशी भांडले, देवाशी भांडले, आणि शेवटी ग्रीटला 'दाताच्या डॉक्टरकडे जाते' अशी थाप मारून बसमध्ये बसले.

दारातच मी तुला काय म्हटलं होतं ते आठवतं का? मी कॅमेऱ्यात दिसता कामा नये. तू माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालीस, "आत्या, शब्द देते." आणि आता पडदाभर काय दिसतं? सिब्रेनचे पाय आणि त्यावर माझा हात. त्याचे पाय गार पडले होते म्हणून मी ते धरून बसले होते. एका बोटात दोन अंगठ्या, एक माझी, एक माझ्या गेलेल्या नवऱ्याची. या गावात तशी दुसरी बाई नाही. ग्रीटचं बिस्किट तोंडातच राहिलं. "तो दाताचा डॉक्टर का गं?" असं तिनं विचारलं.

काल संध्याकाळी चर्चची दोन वडीलधारी मंडळी काळे कोट घालून घरी आली. ओरडली नाहीत. ओरडली असती तर परवडलं असतं. फक्त म्हणाली, "आम्हाला सांगितलं असतं तर तुमच्याबरोबर प्रार्थना केली असती." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की हात मी दाखवला नव्हता, तू दाखवलास. हिस्के, तू केसानं माझा गळा कापलास.

आणि एक गोष्ट विचारायची आहे. डॉक्टर कूनेन त्याला शेवटचं विचारतात, "सिब्रेन, तुमची खरंच इच्छा आहे?" आणि तो म्हणतो, "हो. अगदी मनापासून." त्या वेळी त्याच्या मागे खिडकीत कालवा दिसतो. त्यात पाणी आहे. पाण्यात बदकं आहेत. त्या दिवशी कालवा गोठलेला होता. मग हे पाणी आलं कुठून?

तुझी आत्या,
बाउक्ये


अ‍ॅम्स्टरडॅम,
९ ऑक्टोबर २०१३

प्रिय आत्या,

तू रागावणार हे मला माहीत होतं. मी आधी फोन करायला हवा होता. रोज उद्यावर ढकलत गेले. हाताबद्दल माफी मागते, अगदी मनापासून.

पण त्या हाताबद्दल मला किती पत्रं आली आहेत ते तुला कळायला हवं. माहितीपटात तुझं नाव कुठेच नाही, चेहरा नाही. नेयमेखनच्या एका बाईनं लिहिलंय, की तो हात पाहून तिनं भावाला फोन लावला, त्यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कुणी डॉक्टर लिहितात, की घरातल्यांना हे असं शांतपणे दाखवता येतं हे त्यांना माहीतच नव्हतं. बाबांनीच मला म्हटलं होतं, "काढ माझा सिनेमा. लोक उगाच घाबरतात, त्यांना दिसू दे." मी त्यांचंच ऐकलं. तुझ्या हाताशिवाय ते दृश्य नुसतं दवाखान्याचं वाटत होतं. तुझ्यामुळे ते घरातलं झालं. हे समर्थन नाही, पण खरं आहे.

चर्चच्या लोकांचं वाईट वाटलं. म्हणशील तर मी येऊन त्यांच्याशी बोलते.

पाण्याचं म्हणशील तर, आत्या, काचेवर वाफ होती, बाहेर ऊन होतं. आमचा कॅमेरावाला योस्ट म्हणतो, की बर्फावर वितळलेलं पाणी साठलं की पडद्यावर ते तसंच दिसतं. तू त्या दिवशी कुठल्या मनःस्थितीत होतीस ते मी पाहिलंय. अशा वेळी सगळं नीट लक्षात राहत नाही गं.

एक चांगली बातमी. नोव्हेंबरमध्ये हेगला खासदार आणि डॉक्टरांसमोर आपला माहितीपट दाखवणार आहेत. नंतर चर्चा आहे. कायद्याच्या बाजूचेही असतील, विरोधातलेही. बाबांना फार आवडलं असतं. तू येशील? मी तिकीट पाठवते.

तुझीच,
हिस्के


बोल्सवार्ड,
१२ ऑक्टोबर २०१३

हिस्के,

योस्टला माझा निरोप दे, की बदकं बर्फावर पोहत नाहीत.

माझी मनःस्थिती तू काढलीस म्हणून मी बस पकडून सिब्रेनच्या घरी जाऊन आले. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. बाईला म्हटलं, तुमच्या पुढच्या खिडकीशी मला थोडा वेळ बसू द्या. बिचारीनं काही विचारलं नाही, खुर्ची दिली. सिब्रेनचा पलंग जिथे होता तिथेच बसले. तिथून कालवा दिसतो, पूल दिसतो, आणि शेजारच्या वोब्बेचं अंगण. त्या दिवशी वोब्बेची पोरं काठावर उभी राहून गोठलेल्या कालव्यावर खडे फेकत होती. नव्या बर्फावर खडा घसरत गेला की कसा सूर निघतो ते तुला अ‍ॅम्स्टरडॅममध्ये राहून विसरायला झालं असेल. मी स्वयंपाकघरात होते तरी मला तो ऐकू येत होता. आमच्या फ्रीसलंडमध्ये माणूस लग्नाची तारीख विसरेल, पण कुठल्या वर्षी कुठल्या दिवशी बर्फ धरला ते विसरणार नाही. तो बुधवारी रात्री धरला आणि सिब्रेन गुरुवारी गेला.

खिडकीशी बसल्यावर मला आणखी एक आठवलं. डॉक्टर आले, कॉफी झाली, मी आणलेला साखरपाव कापून झाला. सिब्रेनला खाता येत नव्हतं, त्यानं बोटानं नुसती साखर चाटली. मग डॉक्टर म्हणाले, मला यांच्याशी एकट्यानं बोलू द्या. तू कॅमेरा घेऊन आत राहिलीस आणि मी बश्या उचलून स्वयंपाकघरात गेले. मधलं दार लावलं गेलं. थोड्या वेळानं मला खिडकीतून दिसलं, की डॉक्टर बॅग घेऊन बाहेर गेले. कोट घालून. गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, काही विसरले असतील. पण विसरलेली वस्तू आणायला माणूस बॅग घेऊन जात नाही. काही वेळानं तू दारात जाऊन त्यांना हाक मारलीस आणि ते परत आले. मग तू मला बोलावलंस, म्हणालीस, "ये आत्या, आता."

इतके महिने मी त्याचा विचारच केला नव्हता. तुझ्या बदकांनी करायला लावला.

डॉक्टर बाहेर का गेले होते? दाराआड सिब्रेन काय म्हणाला? एवढं सांग. तिकीट नको.

बाउक्ये


अ‍ॅम्स्टरडॅम,
२० ऑक्टोबर २०१३

प्रिय आत्या,

तुझ्याशी खोटं बोलले. पाण्याबद्दल. योस्ट तसं काही म्हणाला नव्हता, त्या बिचाऱ्याला उगाच मध्ये ओढलं.

माहितीपटातलं ते 'हो' गुरुवारचं नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या रविवारचं आहे. तेव्हा थंडी पडायची होती. डॉक्टर कूनेन त्या दिवशीही आले होते, त्यांनी तोच प्रश्न विचारला होता आणि बाबांनी ते उत्तर दिलं होतं. शब्द बाबांचे आहेत, तोंड त्यांचंच आहे. मी काहीही बनवलेलं नाही. फक्त जागा बदलली.

आमच्या कामात हे चालतं, आत्या. माणूस तासन्‌तास बोलतो, त्यातून आपण थोडंसं ठेवतो. जे त्यानं स्पष्ट म्हटलं ते ठेवायचं, जे अडखळत म्हटलं ते सोडायचं. तू स्वेटर विणतेस तेव्हा चुकलेली ओळ उसवतेसच ना? बाबांनी दोन डॉक्टरांना, मला, नर्सला, सगळ्यांना कितीतरी वेळा सांगितलं होतं. एका 'हो'च्या जागी दुसरं 'हो' ठेवलं, तर खोटं काय झालं?

गुरुवारी ते काय म्हणाले ते मला विचारू नकोस. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी सांगते. शिवाय ते बाहेर आलं तर त्याचं काय होईल याचा विचार कर. इच्छामरणाच्या विरोधातली माणसं टपून बसली आहेत. त्यांना एवढासा धागा पुरतो. बाबांचं एक वाक्य घेऊन ती माणसं दुसऱ्या शेकडो लोकांचं दार बंद करतील. आज दुखण्यानं तळमळणारं कुणीतरी वाट बघत असेल, त्याचं काय? बाबा स्वतः काय म्हणाले असते?

मी तुझ्या पाया पडते, हे इथेच थांबव.

हिस्के


बोल्सवार्ड,
२३ ऑक्टोबर २०१३

हिस्के,

चुकलेली ओळ मी उसवते. पण ती त्याच स्वेटरमध्ये, त्याच लोकरीनं पुन्हा विणते. दुसऱ्या स्वेटरचा तुकडा कापून लावत नाही.

तू म्हणतेस, 'तुझ्यासाठी सांगते, विचारू नकोस.' माझ्यासाठी म्हणून तू आधी माझा हात दाखवलास, माझ्यासाठी म्हणून योस्टचं नाव पुढे केलंस. माझ्यासाठी आणखी काही करू नकोस, माझ्यात आता तेवढं सोसायची ताकद राहिलेली नाही.

माझी तब्येत बरी असते तेव्हा मी इच्छामरणाला पाप म्हणते. सिब्रेनला रात्र रात्र कण्हताना ऐकलं तेव्हा म्हणाले नाही. त्यामुळे कुणाचं दार बंद करायला मी निघालेली नाही. पण ज्या दारातून माझा भाऊ गेला ते कसं उघडलं एवढं मला कळायला हवं. तो माझा भाऊ होता. तुझ्या माहितीपटाचा नायक तो नंतर झाला.

हेगचा कार्यक्रम चौदा तारखेला आहे, हे पेपरात वाचलं. त्याआधी तू सांगितलं नाहीस, तर मी तिथे येईन. मागच्या रांगेत बसेन. चर्चा सुरू झाली की उठून सगळ्यांसमोर विचारीन, की बर्फ कुठे गेला. मी पोकळ धमक्या देत नाही हे तुझ्या बापाला चांगलं माहीत होतं.

सगळ्यांच्या घरी असतं तसं माझ्याही संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवरून तुझं नाव अजून खोडलेलं नाही. पेन तिथेच लटकवलेलं आहे.

बाउक्ये


अ‍ॅम्स्टरडॅम,
२ नोव्हेंबर २०१३

आत्या,

मी ते चित्रण पुन्हा पाहिलं. शब्द न शब्द लिहिते. नंतर तू म्हणू नकोस की सांगितलं का.

तू बश्या घेऊन गेलीस. दार लागलं. डॉक्टर पलंगाशी बसले आणि म्हणाले, "सिब्रेन, शेवटचं विचारतो. तुमची खरंच इच्छा आहे?"

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत मोठ्या माणसांचं वजन पेलेल."

डॉक्टर म्हणाले, "काय पेलेल?"

"बर्फ. वोब्बे म्हणतो रविवारी, पण वोब्बेला काय कळतंय. शनिवारी सगळं गाव स्केटिंगला कालव्यावर येणार. कालवा गोठला की पूलवाल्याला सुट्टी असायची, बरं का डॉक्टर. वर्षातली तेवढीच."

डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "मग मी आज जातो. शनिवार होऊ दे. नंतर वाटलं तर फोन करा, नाही वाटलं तर करू नका. मला काही अडचण नाही." खरंच चांगला माणूस आहे तो. उठला, कोट घातला, बॅग घेतली आणि गेला. बाबा हसले, आत्या. तसं हसताना मी त्यांना कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मी कॅमेरा बंद केला नाही. का ते माहीत नाही, हात तसाच राहिला.

मग स्वयंपाकघरातून तुझा आवाज आला. तू बश्या धुता धुता भजन म्हणत होतीस. हळू, पण ऐकू येत होतं. बाबांचं हसणं थांबलं. म्हणाले, "बाउक्ये आली आहे."

मी म्हटलं, "हो, आहे ना."

ते म्हणाले, "किती जिवावर आलं असेल तिच्या. देवाशी भांडून आली ती. आता हिला काय सांगू, की आज नाही, घरी जा, नंतर पुन्हा ये? दुसऱ्यांदा नाही येववणार तिला. आणि ती नसताना मला जमायचं नाही."

मी म्हटलं, "बाबा, तिला विचारू या का?"

"नको. विचारलं की ती 'येईन' म्हणेल आणि घरी जाऊन रडत बसेल. बोलाव डॉक्टरला. गाडी चालू केली नसेल अजून. मी आजवर कुणाला ताटकळत ठेवलेलं नाही. बोटींनासुद्धा."

मी गेले आणि हाक मारली. डॉक्टर परत आले. त्यांनी पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, "चला मग."

डॉक्टर म्हणाले, "हे 'हो' समजू का?"

बाबा म्हणाले, "तुम्ही दक्षिणेकडचे लोक फार बोलता. आमच्याकडे एवढं म्हटलं की भाषण झालं." डॉक्टर हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या, मी मान डोलावली.

म्हणून ते दृश्य काढलं. तू ऐकू नयेस म्हणून. माहितीपटासाठीही काढलं, ते नाकारत नाही, पण आधी तुझ्यासाठी. आता तू ऐकलंस. मला शिव्या घाल, पण हेगला येऊन हे बोलू नकोस. तुलाच ते सहन व्हायचं नाही.

हिस्के


बोल्सवार्ड,
११ नोव्हेंबर २०१३

हिस्के,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. लिहायला बसायची आणि उठून भांडी घासायची, असं चाललं होतं. भांडी घासताना भजन म्हणायची सवय मात्र गेली.

आधी तुझा हिशेब. आधी माझ्यासाठी आणि मग माहितीपटासाठी, असं तू लिहितेस. मी एवढी वर्षं पीठ मळलं आहे, कशात काय किती आहे ते मला हाताला कळतं. पण ते राहू दे. त्याच्यापेक्षा मोठं दुखणं वेगळं आहे. मी दाराच्या पलीकडे होते, हिस्के. माझे हात साबणात होते. तुला फक्त दार उघडायचं होतं. पूलवाल्याची मुलगी तू, आणि तुला एक दार उघडता आलं नाही. तो "नको" म्हणाला म्हणून? तो आयुष्यभर स्वतःसाठी सगळ्याला "नको"च म्हणत आला. चहा घेतोस का, नको. बसतोस का, नको. त्याचं "नको" ऐकून कधी कुणी थांबलं होतं का?

आणि "चला मग" म्हणशील, तर ते मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. लग्नाआधी मी त्याच्याकडे जेवायला जायची. गरम सूप वाढलेलं असायचं आणि खाली बोटीचा भोंगा वाजायचा. तो चमचा ठेवायचा आणि म्हणायचा, "चला मग." त्याला जायचं असायचं म्हणून नव्हे. कुणीतरी वाट बघत असायचं म्हणून.

त्याला मरायचं नव्हतं असं मी म्हणत नाही. मरायचंच होतं. दुखणं त्याचं होतं, आणि निर्णयही त्याचा. त्या गुरुवारी नव्हतं, एवढंच. शनिवार बघायचा होता. डॉक्टर द्यायला तयार होता, कायदा द्यायला तयार होता, देवाचं मला माहीत नाही, पण त्यानंही दोन दिवसांसाठी अडवलं नसतं. सगळे तयार होते. आडवी आले ती एकटी मी, आणि मला कुणी विचारलंच नाही.

त्याचाही राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो त्याला काय करू. मला बोलावलंस ना रे, मग मला ओळखलं कसं नाहीस? तुझ्या मरणाला येण्याइतकं मन घट्ट केलं होतं मी. तू जगतोस म्हटल्यावर परत येणं मला जड गेलं असतं, असं तुला वाटलं तरी कसं? तू फसवलंस, आणि तुझ्या लेकीनं तर तुझ्याही वर ताण केली.

हेगला मी येणार नाही. तू म्हणतेस तसं मला ते सहन व्हायचं नाही, यात तुझं बरोबर आहे. पण तू जा, आणि जाताना तुझा माहितीपट नीट करून ने. पाणी काढ, बर्फ घाल. डॉक्टर कोट घालून बाहेर जातो ते दाखव, त्याचा मान राहील. सिब्रेन काय म्हणाला ते सगळं ठेव. माझं भजन ऐकू येतं तेही ठेव. माझं नाव घे, हात दाखव, हवं तर चेहरा दाखव, मी इथे फोटो काढून पाठवते. आता काळ्या कोटवाल्यांचं मी बघून घेईन. विरोधातले लोक म्हणतील, बघा, मन बदललं होतं. बाजूचे म्हणतील, बघा, डॉक्टर थांबला होता. भांडू देत. पण त्या सभागृहात उद्या कुणाच्या तरी पलंगाशी बसणारी माणसं असतील. त्यांना एवढं कळू दे, की मरायला निघालेला माणूससुद्धा पाहुण्यांची भीड धरतो. दाराबाहेर कोण बसलंय ते एकदा बघा, आणि त्याला आत बोलावून विचारा.

हे केलंस तर कॅलेंडरवरचं पेन काढून ठेवीन. नाही केलंस तर तेही कळव. फक्त कोरडं कळव, 'प्रिय' वगैरे नको.

त्या शनिवारी बर्फानं वजन पेललं, हिस्के. वोब्बे चुकला. अंत्यविधीची बोलणी करायला मी त्या दिवशी तुमच्याच घरी होते. तू पडदे ओढून घेतले होतेस, घरात मयत होती. मी फटीतून पाहिलं. सगळं गाव कालव्यावर होतं, म्हातारे, पोरं, तोल सावरायला पुढे खुर्च्या ढकलत घसरणाऱ्या बाया. पुलाखाली वाकून जाताना सगळे जण वर सिब्रेनच्या चौकीकडे बघून हात करत होते. मी तुला तेव्हा काही बोलले नाही.

त्याला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, की सिब्रेन, मी शनिवारी आले होते रे. त्यानंतरच्याही शनिवारी आले असते. तू म्हणेपर्यंत आले असते.

बाउक्ये